कुंदाआत्याचं दोन खोल्यांचं घर

हल्ली बायका मला विचारतात, "मेधाताई, बाहुलीघर करायला सुरुवात कुठून करायची?" माझं उत्तर पाठ आहे. बाजारातला महागडा किट आणू नका. आधी बुटांचा रिकामा खोका घ्या. त्यात एक खोली करा आणि एक दिवा लावा. तो दिवा महिनाभर टिकला तर मग बंगल्याच्या गप्पा मारा. बायका वहीत लिहून घेतात, काही जणी मोबाइलवर रेकॉर्ड करतात, आणि एखादी हमखास म्हणतेच, "किती छान समजावता हो तुम्ही." मी हसते आणि थँक्यू म्हणते.

त्यातला एक शब्दही माझा नाही. सगळं कुंदाआत्याचं आहे, अगदी बंगल्याच्या गप्पांसकट. मी नुसती पोपटपंची करते. आज हे लिहायला बसले ते कोणी लिही म्हटलं म्हणून नाही. आत कुठेतरी सलतंय आणि बोलायला तोंड नाही, म्हणून.

कुंदाआत्या माझी सख्खी आत्या नव्हे. कळव्याला माझ्या माहेरच्या बिल्डिंगमध्ये समोरच्या दारात राहायची. राहायची काय, अजून राहते. मी तिच्याबद्दल भूतकाळात का बोलतेय ते माझं मला ठाऊक आहे. समोरच्या निखिलची ती आत्या, म्हणून हळूहळू अख्ख्या बिल्डिंगची आत्या झाली. भाऊ, वहिनी, भाचा निखिल आणि ती, अशी चार माणसं वन रूम किचनमध्ये. आत्याची घडीची खाट हॉलमध्ये. सकाळी साडेपाचला ती खाट दुमडून दारामागे उभी राहायची, आणि मग घरात आत्या नावाचं कोणी राहतं याची खूण म्हणून फक्त खिडकीतला तिचा टूथब्रश उरायचा.

दिसायला बुटकी, सावळी, हाडापेराने मजबूत. केसांचा घट्ट अंबाडा आणि त्यात कायम एक पेन्सिल खोचलेली. चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेने बांधलेली. "नवीन कर ना गं आत्या," म्हटलं की म्हणायची, "काडीने दिसतं का? काचेने दिसतं." लग्न का केलं नाही हे विचारायची कोणाची टाप नव्हती. एकदा माझ्या आईने विचारलं, तर म्हणाली, "बल्बांच्या नादात राहून गेलं."

बल्ब म्हणजे खरेच बल्ब. वागळे इस्टेटमध्ये एक कारखाना होता, तिथे ती अठराव्या वर्षी लागली ती कारखाना बंद होईपर्यंत होती. विजेरीचे बल्ब, रेडिओच्या पट्टीमागचे बल्ब, स्कूटरच्या मीटरमधले बल्ब. लांबच लांब टेबलावर रांगेने बायका बसायच्या. केसापेक्षा बारीक तार चिमट्यात धरायची, टोकं खरवडायची, सोल्डरचा थेंब द्यायचा. आता तिथे काचेची मोठी इमारत आहे. मी लग्नाआधी दोन वर्षं त्याच इमारतीत कामाला होते. आत्याला हे सांगितलं तर तिला भारी गंमत वाटली. "कितव्या मजल्यावर गं? मग तू माझ्या डोक्यावरच बसायचीस की."

बिल्डिंगच्या गणपतीत एका वर्षी आरतीच्या ऐन वेळेला मखराची माळ गेली. जुनी माळ, एक बल्ब गेला की सगळी काळोखात. तीन बाप्ये स्टुलावर चढले. एकाने प्लग काढून परत लावला, दुसऱ्याने तो परत काढला, तिसरा वायरमनला फोन लावत होता. आत्या हातातलं ताट ठेवून पुढे आली. "उतरा खाली, गणपतीच्या अंगावर पडाल." प्लग काढून तिने माळ जपमाळेसारखी बोटांतून ओढायला सुरुवात केली. साधारण चाळिसाव्या बल्बापाशी थांबली. "हा." बदलला आणि माळ लागली. कसं कळलं विचारलं तर म्हणाली, "हलतो तो. आतून सुटलेला असतो." आणि ताट उचलून परत बायकांच्या रांगेत मागे जाऊन उभी राहिली. वायरमन आला तेव्हा प्रसाद वाटून झालेला.

आता माझी गोष्ट. लग्नानंतर मी घोडबंदर रोडला आले. तीन बेडरूम, क्लबहाउस, पोहण्याचा तलाव ज्यात मी आजतागायत पाय बुडवलेला नाही. माझी मुलगी सई पाच वर्षांची असताना तिच्यासाठी एका प्रदर्शनातून प्लायवूडचं बाहुलीघर घेतलं. गुलाबी छप्पर, तीन मजले. दोन वर्षांत त्याचा जिना तुटला, छप्पर निसटलं, आतल्या दिव्यांनी तर पहिल्याच महिन्यात मान टाकलेली. टाकवेना म्हणून मी ते आईकडे कळव्याला नेऊन ठेवलं. आपल्या घरातली अडगळ माहेरी नेऊन टाकायची ही माझी जुनी खोड आहे.

आत्या साखर मागायला आली आणि ते घर बघून दारातच थबकली. उकिडवी बसली, आत डोकावली, बोटाने एक भिंत वाजवून बघितली.

"हे कोणी केलं गं? भिंती आधी चिकटवल्या आणि वायर नंतर कोंबली. मग जळेल नाही तर काय होईल."

"विकत आणलेलं आहे आत्या."

"तेच म्हणते. विकायला केलंय, राहायला नाही केलेलं."

साखर राहिली बाजूला. आठवडाभराने आईचा फोन, "अगं, कुंदाने ते खेळण्यातलं घर नेलंय आणि दिवसभर त्यातच डोकं घालून असते." मी बघायला गेले. आत्याने घराचं पार हाड न् हाड वेगळं केलेलं. गुलाबी रंग खरवडला होता. जमिनीला आइस्क्रीमच्या काड्या चिकटवून वर चहाचं पाणी फिरवलं होतं, ते हुबेहूब जुन्या लाकडासारखं दिसत होतं. खिडक्यांना खराट्याच्या हिरांचे गज. टिकलीच्या पाकिटावरचा आरसा बेसिनवर. पडदे वहिनीच्या ब्लाउजच्या उरलेल्या कापडाचे. आणि प्रत्येक खोलीत गव्हाच्या दाण्याएवढा एक पिवळा बल्ब. मी म्हटलं, पांढरे एलईडी जास्त लख्ख दिसले असते. तर म्हणाली, "पांढरा दवाखान्यात. घरात पिवळा."

सईची बाहुली मी पर्समधून काढून आत ठेवायला गेले, तर आत्याने माझा हात धरला. "बाहुल्या नकोत. माणसं आली की भांडणं आली."

मला त्या घराचं वेड लागलं, हे मात्र खरं. मी म्हटलं, मला शिकव. तिने दुसऱ्या दिवशी बुटांचा खोका पुढे केला. मी सरळ दोन मजली घर आखून नेलेलं, ते तिने न बघताच बाजूला ठेवलं. एक खोली, एक दिवा. एका फुटाला एक इंच हे माप तिने मला पाठ करायला लावलं. तीन फुटांचं दार असेल तर तीन इंचांचं, अर्धा इंच इकडेतिकडे नाही. वायर आधी भिंतीमागच्या खाचेतून न्यायची, दिवा लावून बघायचा, मगच वर कागद चिकटवायचा. दिवा बघायचीही तिची रीत होती. ती हाताची ओंजळ करून बल्ब झाकायची आणि आत डोळा लावून बघायची. "भर दुपारी दिसला तर संध्याकाळी दिसेलच."

आणि एक नियम, ज्यावर ती अडून बसायची. घराची मागची भिंत कधी चिकटवायची नाही. दोन खाचांत नुसती सरकवायची. "आज ना उद्या बल्ब जाणार. हात आत गेला पाहिजे."

सोल्डरिंग मला काही जमलं नाही. माझा हात थरथरायचा, तार तुटायची, एकदा बोट भाजलं. "राहू दे," ती म्हणाली, "तू कागद चिकटव, तुझी नजर चांगली आहे. वायर मी बघते." कौतुकच केलं तिने. मी ते सोयीचं म्हणून उचललं आणि वायरिंग शिकायचं सोडूनच दिलं.

मग मी काय केलं, तर फोटो टाकले. इन्स्टावर पेज काढलं. सईच्या घराचा संध्याकाळचा फोटो, सगळे दिवे लागलेला, तो भरपूर फिरला. आमच्या कॉम्प्लेक्समधल्या बायका विचारायला लागल्या. क्लबहाउसच्या छोट्या हॉलमध्ये मी रविवारी दुपारी क्लास सुरू केला. आत्या दर रविवारी कळव्याहून यायची. ठाणे स्टेशनला बस बदलायची, घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास काढायची, आणि खांद्याला पिशवी, पिशवीत स्टीलचा डबा. त्या डब्यात तिची हत्यारं. चिमटा, ब्लेड, सोल्डरिंगची गन, भिंग. मी पुढे उभी राहून बोलायचे. ती मागच्या टेबलावर बसून सगळ्यांच्या खोक्यांत दिवे जोडायची. काम होईपर्यंत चहाला हात लावायची नाही. चहाने हात हलतो म्हणायची.

पहिल्या क्लासला मी तिची ओळख करून दिली, "ह्या कुंदाआत्या." दुसऱ्याला विसरले. तिसऱ्या की चौथ्या वेळी एका बाईने विचारलं, "मागे बसल्यात त्या कोण?" मी बोलण्याच्या ओघात म्हटलं, "त्या ना, माझ्याकडे येतात, वायरिंग करून देतात." कसं तोंडातून गेलं देव जाणे. धुणीभांडीवालीबद्दल बोलतात ना, त्याच सुरात. मी वळून पाहिलं. आत्या एका पोरीच्या खोक्यावर वाकलेली होती. तिने ऐकलं की नाही कळलं नाही. म्हणजे मी तेव्हा स्वतःची तशी समजूत घातली. हॉल केवढा, तर आमच्या दिवाणखान्याएवढा. ऐकू न यायला काय झालंय.

क्लासनंतर ती माझ्या घरी यायची, तासभर बसायची. त्याच सुमाराला तिने स्वतःचं घर करायला घेतलं. इतकी वर्षं तिने दुसऱ्यांचीच घरं दुरुस्त केली होती. हे पहिलं तिचं. दोन खोल्या आणि पुढे छोटी पडवी, बस. आतल्या खोलीत खिडकीशी पलंग. पलंगाच्या डोक्याशी एक दिवा, आणि त्या एका दिव्याला वेगळा स्विच.

"हा वेगळा कशाला गं?" मी विचारलं.

"पडल्या पडल्या बंद करता यावा म्हणून. आमच्याकडे दादा झोपला की दिवा बंद. पुस्तकाचं पान अर्धं असलं तरी."

मग तिने मला दार दाखवलं. खोलीच्या दाराला टाचणी वाकवून आणि पत्र्याचा तुकडा कापून तिने कडी बसवली होती. आतल्या बाजूने. खिडकीतून बोट घालून ती लावता यायची, काढता यायची. तिने तीनचार वेळा लावून काढून दाखवली. चाळीस वर्षं हॉलमध्ये झोपलेली बाई, जिच्या अंगावरून सकाळी दूधवाल्याला दार उघडायला माणसं ये-जा करतात, तिने ही कडी केली होती. ती कडी कशासाठी आहे ते मला तेव्हाच कळलं. खोटं नाही सांगत, कळलं होतं. म्हणून तर माझी मलाच जास्त चीड येते. मला काही कळलंच नव्हतं असं म्हणायलाही मी मोकळी नाही.

निखिलचं लग्न ठरलं होतं. घरात सून येणार, म्हणजे हॉल नव्या जोडप्याला, दादा-वहिनी स्वयंपाकघरात, आणि आत्याची खाट ओट्याच्या बाजूच्या पॅसेजमध्ये. तिथे बाहुलीघर कुठे ठेवणार. तिने मला विचारलं. तिने जन्मात कोणाकडे काही मागितलेलं मी तरी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे तिला ते नीट मागताही येईना. "मेधे, तुझ्याकडे जागा आहे ना गं. मी हे इथेच ठेवू का? रविवारी येईन तेव्हा थोडं थोडं करीन. पुढच्या खोलीला अजून देव्हारा करायचाय."

"अगं विचारतेस काय," मी म्हटलं. "तुझंच घर आहे."

हॉलमधल्या शेल्फवर ते ठेवलं. पुढचे चारपाच रविवार ती क्लास संपला की आधी त्याच्यासमोर जाऊन बसायची. देव्हारा झाला. पडवीत पेनच्या टोपणाची तुळस झाली. मी तिला इतकी खुशीत कधी पाहिली नव्हती. येताना सईला शेंगदाण्याची चिक्की आणायची, आणि घराला बाहेरून हात लावून म्हणायची, "काय, बरे आहात ना?" आत कोणी नसायचं हे सांगायला नकोच.

फक्त ती मागची भिंत. ती सरकवलेली असल्यामुळे कडेला बारीक फट दिसायची आणि फोटोत ती फट फार डोळ्यांत भरायची. आत्या नसताना एका दुपारी मी गोंद घेतला आणि फट बुजवली. चारी बाजूंनी, चांगली घसघशीत. फोटो सुंदर आला.

त्यानंतर कमिटीने नवं खूळ काढलं. क्लबहाउसचा हॉल क्लासेसना द्यायचा नाही. माझा क्लास बंद व्हायची वेळ आली. अध्यक्षांची बायको सोनाली, तिच्याशी बोलावं म्हणून तिला घरी चहाला बोलावलं. ती मुलीला, आर्याला, घेऊन आली. आर्या सात वर्षांची. ती शेल्फपाशी गेली, खिडकीतून बोट घातलं, आणि कडी लागली. "मम्मा, आतून लॉक होतं!" मग ती तिथून हलेना. पुढच्या आठवड्यात तिचा वाढदिवस होता. सोनाली म्हणाली, "मेधा, असंच एक बनवून देशील?" आर्या म्हणाली, "असंच नको. हेच."

मला नाही म्हणता आलं असतं. 'हे माझं नाही' एवढे तीन शब्द. मी म्हणाले, "अगं घेऊन जा ना, तुझ्यासाठीच." पोरगी मला बिलगली. आणि "हे तू बनवलंस, आंटी?" असं तिने विचारलं, त्याला मी फक्त हसले. हॉलचं बुकिंग पुढे चालू राहिलं.

मनाशी म्हटलं, आत्या दुसरं करील. हात बसलेला आहे तिचा, महिन्यात करील. असं माणूस स्वतःला किती सहज पटवतं.

रविवारी आत्या आली आणि शेल्फ रिकामा. मी तयारच होते. "हॉलला रंग काढायचाय ना, म्हणून आतल्या कपाटात ठेवलंय. नीट गुंडाळून." ती म्हणाली, "बरं केलंस. धूळ बसली असती." पुढच्या रविवारी तिने विचारलं नाही. त्याच्या पुढच्या रविवारी भिंतीकडे बघून म्हणाली, "रंगारी अजून आले नाहीत वाटतं." मी म्हटलं, कुठे वेळेवर येतात. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. जेवताना म्हणाला, "सांगून टाक." मी त्याच्यावरच डाफरले.

तीन आठवड्यांनी सोनालीचा फोन. "अगं, त्या घरातला बेडजवळचा दिवा लागत नाहीये. आर्या रडून घर डोक्यावर घेतेय. जरा येऊन बघशील का?" मी गेले. मागची भिंत उघडायला गेले, तर माझाच गोंद. नखाने उचकटली, सुरी घातली, हलेना. आणि उघडली असती तरी मी काय करणार होते? मला सोल्डरिंग येत नाही. सोनाली कौतुकाने बघत उभी होती, बनवणारी बाई आता दुरुस्त करणार म्हणून. मी म्हटलं, "माझ्या वायरिंगवाल्या बाईंना घेऊन येते."

आत्याला फोन केला. शब्द कसे जुळवले आठवत नाही. वाढदिवस होता, मुलगी लहान आहे, मला नाही म्हणवेना, तू दुसरं करशील असं वाटलं. पलीकडे कुकरची शिट्टी झालेली ऐकू आली.

"दिलंस?" ती म्हणाली.

"हो."

"रंगाचं मग..."

"खोटं होतं आत्या."

मग म्हणाली, "कुठला गेलाय? पलंगाचा का?"

"हो."

"त्याची तार बारीक होती. मला वाटलंच होतं. शनिवारी येते."

शनिवारी ती तोच स्टीलचा डबा घेऊन आली. सोनालीच्या टॉवरच्या गेटवर वॉचमनने वही पुढे केली. नाव, फ्लॅट नंबर, कामाचं स्वरूप. त्याने स्वतःच लिहिलं, 'इलेक्ट्रिशियन', आणि आत्याला सही करायला सांगितलं. मला 'गेस्ट' लिहिलं. आत्याने चष्मा सारखा करून वाचलं आणि सही केली.

वर गेल्यावर सोनालीने मला हॉलमध्ये बसवलं, कॉफी आणली. आत्या आर्याबरोबर तिच्या खोलीत गेली. जाताना एवढंच म्हणाली, "मागची भिंत कोणी चिकटवली?" मी म्हटलं, "मी." तासभर आतून ब्लेडचा खरखर आवाज येत होता. मध्येच दोघींचं बोलणं, आर्याचं हसणं. सोनाली मला सुट्टीत कुठे जाणार ते सांगत होती. मी मान हलवत होते. मला उठून आत जाता आलं असतं. 'आर्या, हे घर ह्या आजींचं आहे' असं म्हणता आलं असतं. परत द्या म्हणायचं धाडस नव्हतं, निदान एवढं तरी. सोनालीसमोर ते उघड झालं असतं तर, म्हणून मी बसून राहिले आणि दुसरी कॉफी घेतली.

शेवटी आर्या ओरडत बाहेर आली, "लागला, लागला!" आत्या मागून आली. तिच्या बोटाला ब्लेड लागलं होतं, त्यावर तिने पदर धरला होता. सोनालीने चहा विचारला. आत्या म्हणाली, "नको. उशीर होतो बसला."

लिफ्टमध्ये आम्ही दोघीच होतो. ती आरशात नाही, समोरच्या आकड्यांकडे बघत होती. म्हणाली, "त्या पोरीला माहीत आहे का गं, घर कोणी केलं ते?"

"हो मग," मी म्हटलं. "सांगितलंय ना मी तिला."

"बरं," ती म्हणाली.

बसस्टॉपपर्यंत मी बरोबर गेले. माझं तोंड बंद राहीना. आपण दुसरं करू, त्याहून मोठं करू, माझी अख्खी ड्राय बाल्कनी तुझी, टेबल टाकून देते. ती ऐकत होती. मग म्हणाली, "नको गं. आता डोळे पुरत नाहीत. आणि तुझ्याकडे माणसांची ये-जा असते." ते तिने अगदी साधेपणाने सांगितलं, रागाचा लवलेश नाही. बस आली. चढताना तिने डबा आधी आत ठेवला, मग दांडा धरून स्वतः चढली. खिडकीशी जागा मिळाली तिला. मी हात केला. तिने बोटावरचा पदर सोडून बघितलं, रक्त थांबलं होतं बहुतेक, आणि मग माझ्याकडे बघून मान हलवली.

त्यानंतर ती क्लासला आली नाही. कोणाचा खोका असला तर मी आता बाजारातून तयार दिव्यांची पट्टी आणून चिकटवते. आईकडे जाते तेव्हा समोरचं दार लागलेलं असेल अशी वेळ बघून जाते. आई सांगते, निखिलचं लग्न छान झालं, कुंदा आता पॅसेजमध्ये झोपते, तुझी चौकशी करत असते.

त्या शनिवारी आत्याला बसमध्ये बसवून मी घरी आले, तेव्हा सोनालीचा मेसेज आलेला होता. 'तुझ्या वायरिंगवाल्या आजी किती गोड आहेत. आर्याने व्हिडिओ काढलाय बघ.' व्हिडिओ हलता, वेडावाकडा. आत्याचा चेहरा त्यात नाहीच. फक्त मागची भिंत काढलेलं घर, आणि तिथून आत गेलेला तिचा हात. नवा बल्ब कसा बसवायचा ते ती आर्याला दाखवतेय. "जोर नाही करायचा. तो आपणहून बसतो." मग तिचा आवाज, "हे घर कोणी केलं गं बाळा?"

"मेधा आंटीने."

हात तिथेच थांबला. व्हिडिओत तेवढा वेळ फक्त तिची दोन बोटं आणि पलंग दिसतो. मग आत्या म्हणाली, "हो का. मग नीट वापर हं. फार मनापासून केलंय तिने."

हा व्हिडिओ आम्ही लिफ्टमध्ये शिरायच्या आधीचा आहे. लिफ्टमध्ये तिने मला विचारलं, तेव्हा तिला सगळं माहीत होतं.